पाटलिणीचे जामीनदार

आमच्या कॉलनीत एक बाग आहे. बाग म्हणजे नावापुरती. लेआउट पडला तेव्हा सोडलेली मोकळी जागा, कुठल्यातरी निधीतून आलेली पत्र्याची घसरगुंडी, दोन झोपाळे, वाळूचा एक खड्डा आणि सिमेंटची बाकं. प्रवेशद्वारावर 'बालोद्यान' असं लिहिलंय, पण सगळे अजून 'ओपन स्पेस'च म्हणतात. या ओपन स्पेसला माळी कधी मिळाला नाही, वॉचमन तर नाहीच नाही. तरी रोज संध्याकाळी एक माणूस तिथे ड्युटीवर असल्यासारखा हजर असायचा. ज्ञानदेव तात्या. आता ते हडपसरला मुलाकडे असतात. तिथे जवळपास बाग आहे की नाही, मला माहीत नाही.

तात्या आणि मी शेजारी. मधे कमरेएवढी भिंत. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर त्यांचा जन्म गेला, त्यामुळे कानाने कमी ऐकू यायचं आणि म्हणून ते स्वतःही मोठ्यानेच बोलायचे. घरातली गुपितं सांगायलासुद्धा त्यांना तोच एक आवाज होता. बायकोशी, म्हणजे जिजाकाकूंशी, त्यांचं भांडण झालं की ते कशावरून झालं हे विचारायला कुणाला जावं लागायचं नाही.

उन्हाळ्यात ती पत्र्याची घसरगुंडी तव्यासारखी तापते. तात्या पाचच्या सुमाराला घरून बादली भरून न्यायचे, तांब्याने वरून पाणी सोडायचे, मग स्वतःचा तळवा पत्र्यावर टेकवून बघायचे आणि मुलांना म्हणायचे, "हं, चढा आता." तोवर एकालाही शिडीला हात लावू द्यायचे नाहीत. मुलांची नावं त्यांना आठवायची नाहीत, किंवा ते लक्षात ठेवत नसत. 'निळ्या गेटची', 'गिरनीवाल्याचा', 'लई रडतो तो' अशी त्यांची हजेरी चालायची. बाकावर मोबाईल बघत बसलेल्या आयांना ते लांबूनच हाक द्यायचे, "सूनबाई, मोबाईल पळून न्हाई जायचा. पोरगं जाईल." काही जणींना याचा राग यायचा. पण कुणाला भाजी आणायला जायचं असलं की मूल तात्यांवरच सोपवून जायच्या.

आणि तात्यांच्या मागे पाटलीण.

पाटलीण म्हणजे कुत्री. काळीभोर, एका कानाला खाच. ड्रेनेजसाठी रस्ते खणले त्या वर्षी ती कुठून तरी आली आणि मधल्या बाकावर जी चढून बसली, ती उतरायलाच तयार नाही. पाटलीण हे नाव तात्यांचंच. "बघा की, वाड्याच्या ओट्यावर बसल्यागत बसलीय. उठ म्हनायची कुनाची टाप हाय का?" मला कुत्री आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. माझ्या गेटपाशी लाल पाण्याच्या दोन बाटल्या कायम ठेवलेल्या असायच्या. कुत्री त्यांना घाबरतात म्हणे. तात्या येता-जाता थांबायचे आणि म्हणायचे, "ताई, पाटलीण इचारत हुती, सरबत नुसतं दावायलाच ठिवलंय, का पाजनार बी हायेत?" मी हसायचे, पण बाटल्या काही उचलल्या नाहीत.

कुत्र्यावर त्यांचा इतका विश्वास का, हे त्यांनी मला भिंतीवरून अनेकदा सांगितलंय. तात्या मूळचे पाथर्डीकडचे. आईबाप दरवर्षी दसरा झाला की कारखान्यावर ऊस तोडायला जायचे. तात्या तान्हे असताना त्यांची आई अंधारातच पाचटाच्या कोपीतून, म्हणजे झोपडीतून, उसाच्या फडात जायची.

"मला कोपीत झोळीत टाकायची आन् मोत्याला सांगायची, बस हितं. दिवस वर येईस्तोवर मोत्या जागचा हलत नसायचा. एकदा कोल्हं आलं दुधाच्या वासानं, तर त्याला पार बांधापल्याड नेऊन सोडलं. त्या कुत्र्याच्या जिवावर मी जगलोय, ताई. कुत्रं लेकराला काय करत न्हाई."

"तुम्हाला आठवतंय का हे?" मी एकदा विचारलं.

"मला कुठलं आठवतंय? आय सांगायची." आणि जरा थांबून, "पन त्याच्या अंगाचा वास आठवतोय, असं वाटतं."

हे शेवटचं वाक्य ते नेहमीपेक्षा जरा हळू म्हणायचे.

कुत्र्यांवरून कॉलनीत कुरबूर होतीच. बागेतल्या वाळूत मुलं खेळायची आणि त्याच वाळूत सकाळी घाण सापडायची. सायकलवरच्या मुलांमागे चार-पाच कुत्री लागायची. मग शेजारच्या कॉलनीत एका मुलाच्या पोटरीचा लचका तोडल्याची बातमी आली आणि दत्तमंदिराच्या हॉलमध्ये बैठक बसली. आमचे अध्यक्ष भाऊसाहेब म्हणजे निवृत्त तलाठी. बोलतानाही माणूस नोंद घालतोय असं वाटायचं. ते म्हणाले, "जागा मुलांची आहे. कुत्र्यांचा पांजरपोळ नाही. एकदा काय तो निकाल लागला पाहिजे."

बायकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आणि कोपऱ्यातून तात्यांचा मशीनवरचा आवाज आला.

"बाकीची न्या. पाटलीण ऱ्हाऊ द्या. तिची नसबंदी मी करून आनलीय, इंजेक्शन दिलंय. ती हाय म्हनून दुसरी टोळी बागंत घुसत न्हाई."

"आणि उद्या तीच चावली तर?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"चावली तर जामीनदार मी."

"म्हणजे नेमकं काय करणार तुम्ही?"

"मी सोता तिला नेऊन सोडीन. कुनाला सांगायची पाळी यायची न्हाई."

लोक हसले. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहायला सख्खा भाऊ तयार होत नाही आणि हे कुत्रीला जामीन राहिले, असं कुणीतरी म्हणालं. पण तात्यांचा शब्द म्हणून विषय तिथे मिटला. बाकीची कुत्री पालिकेच्या गाडीने नेली. त्यातली काही नियमाप्रमाणे नसबंदी करून, खुणेला कान कापून परत आणून सोडली, पण पाटलिणीने त्यांना बागेत पाऊल ठेवू दिलं नाही. बैठकीचं फळ म्हणून गेटवर एक पाटी लागली: 'येथे कुत्र्यांना खाऊ घालू नये.'

ही पाटी शनिवार सोडून सगळे पाळायचे.

आमच्या जिल्ह्यात शनी काही लांबचा देव नाही. घरात कुणाला साडेसाती सांगितली की तेल, काळे उडीद आणि काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी हे ओघाने आलंच. काळंभोर, अंगावर एकही पांढरा केस नसलेलं कुत्रं मिळणं मात्र सोपं नसतं. पाटलीण तशी होती. हळूहळू तिची कीर्ती पसरली आणि शनिवारी सकाळी बागेशी गाड्या थांबायला लागल्या. त्यात जाणत्यांनी सांगून ठेवलेलं, ज्याची साडेसाती त्याच्याच हातून पोळी गेली पाहिजे, आईने घालून चालत नाही. मग आया पोरांना आंघोळ घालून आणायच्या. भाऊसाहेबांची सूनही नातवाला घेऊन यायची आणि स्कूटर नेमकी त्या पाटीखाली लावायची.

तात्यांना शनीचं काही नव्हतं. "म्या त्याला वळखत न्हाई, त्यो मला वळखत न्हाई," म्हणायचे. पण पाटलीण पोटभर जेवते यात त्यांना आनंद होता, आणि पोरांची भीती जाते यात तर फारच. ते मुलाचं मनगट आपल्या हातात धरायचे आणि पोळी पुढे करायला लावायचे. पाटलीण मागच्या दोन पायांवर उभी राहायची आणि पोराच्या हातातली पोळी अलगद काढून घ्यायची. पोरगं आधी किंचाळायचं, मग खिदळायचं. आया फोटो काढायच्या. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर असे किती फोटो आले असतील, आणि त्याखाली किती हात जोडलेले असतील. त्या कुत्रीला दर शनिवारी नव्या मुलाच्या हातून आपण काय शिकवतोय, हा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही. एवढी शिकलीसवरली माणसं होती सगळी.

आरोही कोपऱ्यावरच्या घरातली, चार वर्षांची. तिचा बाप संदीप नागापूरलाच शिफ्टमध्ये, आई वर्षा घरी शिवणकाम करते. त्या दिवशी कुठला वार होता ते आठवत नाही, शनिवार नव्हता एवढं नक्की. पोर खेळायच्या नादात जेवत नाही म्हणून वर्षाने तिच्या हातात गूळ-तुपाच्या पोळीची गुंडाळी दिली होती. आरोही घसरगुंडीवरून खाली आली, गुंडाळी हातात तशीच. समोर पाटलीण. पाटलीण नेहमीसारखी मागच्या पायांवर उभी राहिली आणि तिने तोंड पुढे केलं. आरोहीने ती शनिवारची पोरं काही पाहिलेली नव्हती. पोळी आपली आहे म्हणून तिने हात मागे घेतला, थेट गालापाशी. मग जे झालं ते एका क्षणात झालं.

मी गेटमधून बघत होते. किंकाळी ऐकून साबण घेऊन धावले, कारण तेवढंच मला सुचलं. वर्षाने पोरीला नळाखाली धरलं होतं आणि रक्त पाण्याबरोबर वाळूत जात होतं. डोळ्याखालपासून ओठापर्यंत गाल फाटला होता. पाटलीण पोळी खाऊन बाकावर जाऊन बसली होती. तात्या घसरगुंडीपाशी भरलेली बादली हातात धरून उभे होते. त्यांनी बादली खाली ठेवली नाही, ते पुढेही आले नाहीत. रिक्षा आली, वर्षा पोरीला घेऊन सिव्हिलला गेली, बायका पांगल्या, तरी ते तसेच उभे. शेवटी जिजाकाकूंनी येऊन त्यांच्या हातातून बादली काढून घेतली.

तासाभरात चार पोरं काठ्या घेऊन आली. भाऊसाहेबही होते. तेवढ्यात संदीपचा हॉस्पिटलातून फोन आला. कुत्रीला हात लावू नका, डॉक्टरांनी सांगितलंय, दहा दिवस तिच्यावर लक्ष ठेवा. पोरीला इंजेक्शनं चालू केलीत, पण कुत्री मेली किंवा पिसाळली तर लगेच कळवा. पाटलिणीच्या इंजेक्शनला वर्ष उलटून गेलं होतं आणि दुसरं द्यायचं राहून गेलं होतं, हे तात्यांनीच सगळ्यांसमोर सांगितलं. मग त्यांनी घरातून सुताची दोरी आणली, पाटलिणीच्या गळ्यात बांधली आणि तिला आपल्या पडवीत नेलं. तिला दोरी माहीत नव्हती. ती मधेमधे बसायची आणि तात्या ती उठेपर्यंत थांबायचे.

ते दिवस मला नीट आठवतात, पण त्या दिवसांत काही वाटल्याचं आठवत नाही. जिला आदल्या संध्याकाळी मारायला निघाले होते, ती जगावी म्हणून अख्खी कॉलनी जीव मुठीत धरून बसली होती. भाऊसाहेबांच्या घरून दूध-भाकरी यायची. संदीप रोज शिफ्टला जाताना तात्यांच्या दारात मोटरसायकल थांबवायचा, बंद करायचा नाही.

"जेवली का?"

"जेवली."

"पाणी प्याली?"

"प्याली."

तो निघून जायचा. पोरगी कशी आहे, हे तात्यांनी त्याला कधी विचारलं नाही. मला विचारायचे, तेही भिंतीशी येऊन, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात. "टाके किती हायेत म्हनं?" एवढंच. मी सांगितलं की मान हलवून आत जायचे.

मधे एक दिवस पाटलिणीने तोंड फिरवलं. भाकरी नको, दूध नको. संदीपला खोटं सांगणं तात्यांना जमलं नसतं. "न्हाई जेवली," म्हणाले. संदीपने गाडी बंद केली, गेटच्या आत आला आणि पडवीच्या पायरीवर बसला. दोघंही कुत्रीकडे बघत राहिले. कामाची वेळ टळली तरी संदीप उठला नाही. दुपारी केव्हातरी पाटलीण उठली, वाटीपाशी गेली आणि दूध प्यायली. संदीप गुडघ्यावर हात टेकून उठला आणि गाडीकडे गेला. मी भिंतीच्या अलीकडे कपडे वाळत घालत होते, ते तसेच हातात राहिले होते.

त्याच दुपारी काकू मला म्हणाल्या. तात्या समोरच बसले होते, पण त्यांना ऐकू जावं म्हणून काकूंनी आवाज चढवला नाही.

"कोपीवरच्या कुत्र्याला कुनी हातानं भरवीत नसतंय, ताई. आमी बी हुतो की कोपीवर. थितं लेकराच्याच तोंडात घास पडायची मारामार. कुत्रं आपलं सांडलेलं खायाचं आन् गप बसायचं. ह्यांना कोन सांगनार? ह्यांनी मोत्या धरून ठिवला डोक्यात."

तात्यांना ऐकू गेलं होतं. ते म्हणाले, "खरंय तिचं."

पाटलीण जगली. आरोहीला काही झालं नाही, म्हणजे गालावरची ती रेघ सोडून. मुदत संपली त्या संध्याकाळी भाऊसाहेब पडवीत आले. पालिकेची गाडी बोलावली तर कुत्री परत इथेच आणून सोडणार, तसा नियम आहे, असं ते म्हणाले. भाजीवाल्याच्या टेम्पोत घालून घाटात सोडावी, हा त्यांचा बेत होता. कायद्याने तसं करता येत नाही हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि मी काही बोलले नाही. पण कुत्रीला टेम्पोत घालणार कोण? काठीवाली पोरं दिसली की ती दात दाखवायची.

"मी बोललो हुतो," तात्या म्हणाले. "मीच सोडतो."

त्यांनी दोरी सोडली, टेम्पोच्या फाळक्यावर हात थोपटला आणि हाक मारली, "ये, पाटलीण." तिने एका उडीत टेम्पो गाठला. तात्या तिच्याजवळ मागे बसले. पुढे ड्रायव्हरशेजारी जागा होती, तिथे बसले नाहीत. ते परत आले तेव्हा अंधार पडला होता. वळण येईपर्यंत कुत्री टेम्पोमागे पळत होती, असं ड्रायव्हरने कुणाकुणाला सांगितलं.

त्यानंतरही ते पाच वाजता घरातून निघायचे, पण गेटपर्यंतच. त्यांना बघून बाकावरच्या बायका बोलायच्या थांबायच्या. कुणी वाईट बोललं नाही, पण कुणी आपलं मूलही सांभाळायला सांगितलं नाही. ते जरा वेळ उभे राहून परत फिरायचे. जूनपर्यंत घसरगुंडीवर दुपारभर ऊन पडायचं आणि मुलं संध्याकाळ उलटल्यावर खेळायला यायची. मला त्यांचं वाईट वाटायला हवं होतं. आरोहीचा गाल दिसला की ते वाटायचं नाही, आणि तात्यांची पाठ दिसली की आरोहीचं वाटायचं नाही.

तात्यांना हडपसरला न्यायला त्यांचा मुलगा येणार होता, त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी मी कामाला निघाले होते. वर्षा आरोहीला कडेवर घेऊन बालवाडीला चालली होती. पोर अजून बागेसमोरून पायी जायला तयार नसायची. आणि बागेच्या गेटपाशी पाटलीण. हाडं वर आलेली, मागचा एक पाय अधांतरी, घाटापासून एवढी वाट तिने कशी काढली देव जाणे. वर्षा जागीच थिजली. आरोहीने तिच्या खांद्यात तोंड खुपसलं.

तात्या पडवीतून अनवाणीच आले. त्यांना बघून पाटलिणीने कान पाडले, अंग वाकडंतिकडं केलं आणि तीन पायांवर त्यांच्याकडे यायला लागली. तात्यांनी खाली बघितलं. बागेच्या आसपास दगड मिळणं अवघड होतं, मुलांना लागू नयेत म्हणून सगळे त्यांनीच वेचून टाकले होते. गटारीच्या कडेचं एक ढेकूळ त्यांच्या हाती लागलं आणि त्यांनी ते मारलं. ते तिच्यापुढे पडलं. पाटलीण थांबली, वाकली आणि तिने ते हुंगलं.

"तात्या, राहू द्या," वर्षा म्हणाली. "राहू द्या, जाऊ द्या."

"तू लेकरू घिऊन फुडं हो," तात्या मोठ्याने म्हणाले, पूर्वीच्या आवाजात. ते तिच्याकडे वळलेही नाहीत.

दुसरा दगड पाटलिणीच्या बरगडीवर बसला. ती ओरडली नाही. रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि तिथून वळून तात्यांकडे बघत बसली. शेपटी अजून हलत होती. तात्या गटारीच्या कडेला गुडघे टेकून बसले होते आणि दोन्ही हातांनी माती चाचपत तिसरा दगड शोधत होते.